मुळ्येसाहेबांचा उजवा अंगठा

बैसाखीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दिगंबर मुळ्यांना जाग आली ती चादरीच्या वजनानं. चादर साधी, सुती, धुऊन धुऊन जाळीदार झालेली. पण तिची एक घडी उजव्या पायाच्या अंगठ्यावर पडली होती आणि त्या घडीखाली कुणीतरी निखारा ठेवून गेलंय अशी आग होत होती. मुळ्यांनी मोठ्या हिमतीनं चादर बाजूला केली. अंगठा लालबुंद, चकचकीत आणि मूळच्या दीडपट झाला होता.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी वीणाताईंनी पंखा लावला.

"अगं, पंखा बंद कर."

"का? उकडतंय की."

"वारा लागतोय."

"वारा लागावा म्हणूनच पंखा लावतात," वीणाताई म्हणाल्या, आणि मग त्यांना अंगठा दिसला. "अगंबाई! कुठं ठेचकाळलात?"

मुळ्ये कुठंही ठेचकाळले नव्हते. ते ठेचकाळणाऱ्यांपैकी नव्हतेच. चंदीगडच्या एका सरकारी प्रयोगशाळेत ते मोजमापाची यंत्रं बनवत, आणि स्वतःचं पाऊलही मोजूनमापून टाकत. मूळचे देवरुखचे, शुद्ध शाकाहारी, सुपारीचंही व्यसन नाही. वल्लरी, त्यांची कॉलेजातली मुलगी, दारात येऊन अंगठ्याकडे टक लावून बघत राहिली. "पापा, ये तो टमाटर हो गया," ती म्हणाली. तिला मराठी सगळं समजायचं, पण सहानुभूती मात्र ती हिंदीतच दाखवायची.

दवाखान्यात जायचं तर दोन अडचणी होत्या. पहिली म्हणजे जिना. मुळ्ये एका कोठीच्या, म्हणजे बंगल्याच्या, वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होते. दुसरी अडचण म्हणजे स्कूटर, कारण तिला लाथ मारायची ती उजव्या पायानं आणि मागचा ब्रेक दाबायचा तोही उजव्या पायानंच. स्कूटर बनवणाऱ्यांनी माणसाला डावा अंगठाही असतो ही गोष्ट लक्षातच घेतली नव्हती.

जिना ते बसून उतरले, एकेक पायरी, लहान मूल उतरतं तसे. खाली घरमालक कर्नल ग्रेवाल गुलाबांना पाणी घालत होते. सैन्यातून निवृत्त झालेला सव्वासहा फुटी माणूस, आवाज अजून परेड ग्राउंडवरचाच. त्यांनी नळी खाली टाकली, वाकून अंगठा पाहिला, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की जणू हरवलेला भाऊच सापडला.

"ओए, मूली साब! गाउट! वेलकम टू द क्लब!"

मुळ्ये हे आडनाव कर्नलसाहेबांच्या जिभेला कधी जमलं नाही. पहिल्या दिवसापासून ते 'मूली साब' म्हणत आणि मुळ्यांनी एकदा दुरुस्त करायचा प्रयत्न केल्यावर "वही तो, मूली" म्हणून त्यांनी पाठ थोपटली होती. आता त्यांनी आपली पँट वर करून स्वतःचा अंगठा दाखवला. "बारा साल पुराना है. राजाओं की बीमारी है जी. मुर्गा, मटन, व्हिस्की... अब बताओ, आप कौन सी लेते हो?"

"मैं नहीं लेता, कर्नल साब."

"हां हां," कर्नलसाहेबांनी डोळा मारला. "भाभीजी ऊपर हैं. समझ गया."

त्यांनीच गाडी काढून मुळ्यांना इस्पितळात पोचवलं. बाहेरच्या रुग्णांच्या गर्दीत एका तरुण डॉक्टरनं अंगठा पाहिला, आणि मागं उभ्या असलेल्या सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "कितनी पीते हो?"

"नहीं पीता."

"कब से छोड़ी?"

"कभी पकड़ी ही नहीं."

तरुण डॉक्टरनं मान हलवली. असे पेशंट त्यानं पुष्कळ पाहिले होते. रांगेतल्या एका म्हाताऱ्या सरदारजींनी मुळ्यांच्या खांद्यावर हात ठेवून "हौसला रखो, बेटा" म्हटलं. मुळ्यांना अंगठ्यापेक्षा तो हात जास्त झोंबला.

नशिबानं त्यांची शेवटची तपासणी डॉक्टर शैलजा आपट्यांकडे गेली. शैलजाबाई महाराष्ट्र मंडळातल्या, ओळखीच्या. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं, घरच्यांबद्दल विचारलं. वडिलांचा पाय वर्षातून एकदोनदा सुजायचा आणि ते त्याला वात म्हणून एरंडाची पानं बांधायचे, हे मुळ्यांना तेव्हा आठवलं.

"मग झालं तर," शैलजाबाई म्हणाल्या. "दारू न पिणाऱ्यालाही होतो हो गाऊट. घराण्यात असतो, वजनानं होतो, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही होतो. तुम्ही रक्तदाबासाठी घेता ती गोळी मी बदलते. आता दुखणं थांबायला औषध देते. सूज उतरली की परत या, मग यूरिक अ‍ॅसिड कमी करायची गोळी सुरू करू. ती रोज घ्यायची, वर्षानुवर्षं. भरपूर पाणी प्या. वजन हळूहळू उतरवा. आणि एक लक्षात ठेवा, उपासतापास नकोत."

मुळ्यांनी सगळं नीट ऐकलं. त्यातलं 'वर्षानुवर्षं' त्यांना आवडलं नाही, आणि 'परत या' हे सूज उतरल्यावर कुणाच्या लक्षात राहतं?

ऑफिसात ते चौथ्या दिवशी गेले. कर्नलसाहेबांनी सकाळी स्कूटरला लाथ मारून दिली, आणि मुळ्ये मागचा ब्रेक अजिबात न वापरता, सेक्टरामागून सेक्टर, प्रत्येक चौक देवाचं नाव घेत पार करत पोचले. पायात चपला होत्या. फाटकातच प्रशासन अधिकारी बन्सल भेटले. नवीन संचालक आल्यापासून प्रयोगशाळेत शिस्त आली होती. देशात खाजगी कंपन्यांचं वारं सुटलं होतं, तेव्हा आपणही कंपनीसारखं दिसावं म्हणून बूट सक्तीचे झाले होते.

"मुळ्ये जी, बूट?"

मुळ्यांनी अंगठा दाखवला. बन्सल वाईट माणूस नव्हते. त्यांनी जिभेनं च् च् केलं, आपल्या आजीचा एक मेथीचा उपाय सांगितला आणि डॉक्टरचा दाखला आणायला सांगितलं. मुळ्ये दुसऱ्या दिवशी दाखला घेऊन गेले. बन्सलांनी तो दोनदा वाचला.

"यात उजवा पाय लिहिलाय."

"हो. उजवाच दुखतोय."

"मग डाव्या पायातला बूट कुठंय?"

मुळ्यांना आधी वाटलं, हा विनोद आहे. पण बन्सल विनोद करत नसत. "हे बघा, मी तुमच्या बाजूनं आहे. पण उद्या हिशेब तपासणीवाल्यांनी विचारलं की डाव्या पायाला सवलत कशाच्या आधारावर दिली, तर मी काय दाखवू?"

डाव्या पायासाठी पुन्हा दाखला मागायला शैलजाबाईंकडे जाणं मुळ्यांच्या जिवावर आलं. बाई म्हणाल्या असत्या, डावा पाय तर धडधाकट आहे. आणि ते खरंच होतं. म्हणून मग तीन आठवडे मुळ्ये डाव्या पायात काळा बूट आणि उजव्या पायात चप्पल घालून ऑफिसात हिंडले. बुटाची टाच उंच, चप्पल सपाट. त्यामुळे ते एका बाजूला झुकून चालत आणि व्हरांड्यात त्यांचा आवाज दुरूनच ओळखू येई: टक्, फट्, टक्, फट्. शिपाईसुद्धा त्या आवाजाला उठून उभे राहू लागले, म्हणजे मान मिळू लागला, पण तो त्यांना नको होता.

एक मेला मंडळाचा महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम झाला. मुळ्ये घरीच राहिले. वीणाताई परत आल्या त्या तडक स्वयंपाकघरात शिरल्या. पातेली जरा जोरात आपटली गेली, तेव्हा मुळ्यांनी विचारलं.

"काही नाही. मंडळातल्या त्या प्रतिमावहिनींनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, वाईट वाटून घेऊ नका, हल्ली सोडवता येते. त्यांच्या मावसदिराची सुटली म्हणे."

"काय सुटली?"

"तुमची दारू!" वीणाताई म्हणाल्या, आणि त्यांना इतकं हसू आलं की त्या खाली बसल्या. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. मुळ्ये हसले नाहीत. पन्नाशी उलटेपर्यंत एक थेंब न घेता माणसाला ही कीर्ती लाभणार असेल, तर निदान घेऊन तरी बघायला हवी होती, असा विचार त्यांच्या मनात पहिल्यांदाच येऊन गेला.

सूज उतरली, दुसरा बूट पायात गेला, आणि त्याच आठवड्यात बढतीच्या मुलाखतीचं पत्र आलं. मे महिन्याच्या शेवटी दिल्लीहून मंडळी येणार होती. मुळ्यांनी धान्यातली ओल मोजायचं एक यंत्र बनवलं होतं. पंजाबातल्या खन्न्याच्या मंडीत, म्हणजे धान्यबाजारात, गव्हाच्या ढिगात सळई खुपसली की काट्यावर आकडा दिसे. कित्येक वर्षं ते या एका यंत्रामागं होते. शेतकऱ्यांना ते पटलं होतं, व्यापाऱ्यांना पटलं नव्हतं, याचा अर्थ यंत्र बरोबर चाललं होतं. याआधी दोनदा बढती हुकली होती. ही तिसरी आणि बहुधा शेवटची संधी. म्हणून मुळ्यांनी ठरवलं, काही झालं तरी मुलाखतीच्या दिवशी अंगठा दुखता कामा नये.

इथवर ठीक होतं. पण त्यांनी हा निश्चय चारचौघांत बोलून दाखवला.

कर्नल ग्रेवालांनी त्यांना पहाटे सुखना तलावावर न्यायला सुरुवात केली. कर्नलसाहेबांच्या एका पावलात मुळ्यांची दोन पावलं जात, आणि वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक निवृत्त अधिकाऱ्याला "ये मूली साब, गाउट!" अशी ओळख करून दिली जाई. प्रत्येक अधिकारी थांबे आणि एक पदार्थ बंद करायला सांगे. राजमा गेला, छोले गेले, पालक गेला, टोमॅटो गेला, वांगं गेलं. फ्लॉवर एका ब्रिगेडियरनं बंद केला आणि दुसऱ्यानं परत सुरू केला. मिसेस ग्रेवाल खालून प्रेमानं राजमा पाठवत आणि कर्नलसाहेब मागोमाग वर येऊन तो परत नेत. घरात वरणाला मनाई झाली तेव्हा वीणाताईंनी हात टेकले. "कोकणातल्या माणसाला वरणभात नाही म्हणजे मग द्यायचं तरी काय? पेपर वाचायला देऊ?"

त्या मोकळ्या झालेल्या जागेत विश्वास टिल्लू शिरले. विश्वासराव बँकेत होते, मंडळाचे खजिनदार होते आणि फावल्या वेळात निसर्गोपचार करत. म्हणजे दुसऱ्यांवर करत. ते एका रविवारी आले, मुळ्यांच्या जिभेकडे पाहून "हं" म्हणाले, आणि त्यांनी मुलाखतीआधीचा शेवटचा आठवडा रसाहारावर काढायला सांगितला.

"अन्न बंद. नुसता रस. उसाचा, आंब्याचा, मोसंबीचा. शरीर आतून धुऊन निघतं. अ‍ॅसिड राहतंच कुठं मग?"

"डॉक्टर उपास करू नका म्हणाल्या होत्या," वीणाताई म्हणाल्या.

"हा उपास नाहीच, वहिनी. हा रसाहार आहे."

या फरकावर मुळ्यांचं समाधान झालं. थकलेल्या माणसाचं कशावरही होतं. शिवाय विश्वासरावांनी वजन झटझट उतरेल असं सांगितलं होतं, आणि मुळ्यांना आकडे खाली येताना बघायला आवडायचं.

पहिल्या दिवशी हलकं वाटलं. दुसऱ्या दिवशी जास्तच हलकं वाटलं, इतकं की कठडा धरावा लागला. बाहेर लूचा भाजणारा वारा सुटला होता. मैदानं पांढरी पडली होती, आणि ऑफिसच्या कूलरमध्ये पाणी नव्हतं कारण त्याची फाइल बन्सलांकडे होती. रस पोटात भरलेला असल्यामुळं पाणी प्यायची इच्छा होत नसे. तरी पहाटेचं चालणं चालूच होतं. वजनाचा काटा भराभर उतरला. विश्वासराव फोनवरून रोज आनंद व्यक्त करत होते.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी मुळ्यांनी डोळे उघडले, आणि पाय हलवायच्या आधीच त्यांना कळलं.

वीणाताईंनी अंगठा पाहिला. त्यांनी न विचारता पंखा बंद केला आणि कोनाड्यातून चप्पल काढून पलंगाजवळ ठेवली. मुळ्यांना एवढं वाईट वाटलं की ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मी जात नाही."

"जायचंय," वीणाताई म्हणाल्या. "त्या यंत्रापायी तुम्ही माझे किती उन्हाळे मंडीत घालवलेत माहीत आहे? मी गव्हाच्या पोत्यावर बसून डबे उघडलेत. आता अंगठ्यासाठी घरी बसायचं नाही."

कर्नलसाहेबांनी मुळ्यांना जवळजवळ उचलूनच गाडीत घातलं. टक्, फट् करत ते मुलाखतीच्या खोलीत शिरले, आणि मोठ्या टेबलामागच्या सगळ्यांच्या नजरा एकदम खाली गेल्या.

"हे काय झालं?" मधल्या पिकल्या केसांच्या अध्यक्षांनी विचारलं.

"सर, गाऊट."

"अच्छा!" अध्यक्ष खुर्चीत पुढं सरकले. "माझ्या साडूला आहे. तो चेरी खातो."

"चेरीनं काही होत नाही," डावीकडच्या सभासदानं सांगितलं. "कच्ची पपई. उकळून."

उजवीकडचे सभासद आयुर्वेदावर बोलू लागले. गुळवेलीवर त्यांची श्रद्धा होती. पपईवाल्यांनी गुळवेलीला हरकत घेतली. संचालक बाजूला बसले होते, त्यांनाही काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून त्यांनी थंड पाण्यात पाय ठेवायला सांगितलं. मुळ्यांनी पाठ करून आणलेलं सगळं ओठांवर येऊन बसलं होतं: काट्याची अचूकता, पेटंटचा अर्ज, मंडीतल्या चाचण्या. त्यांनी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा कुणीतरी "तुम्ही बोलू नका, त्रास होईल" असं म्हणालं.

शेवटी अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. "बरं, तुमचं यंत्र काय मोजतं?"

"ओल, सर."

"कशातली?"

"गव्हातली."

"गहू चांगला," अध्यक्ष म्हणाले. "भात मात्र सोडा. थँक यू."

मुळ्ये बाहेर आले आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिले. अंगठा ठणकत होता. एका माणसाच्या आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि त्याबद्दल जगाला एवढंच सांगायचं होतं की भात सोडा. त्यांना रागही आला नाही. राग यायलाही पोटात काहीतरी लागतं.

तिथून ते घरी न जाता सरळ शैलजाबाईंकडे गेले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"अहो मुळ्ये, खाणं एकदम तोडलं की यूरिक अ‍ॅसिड वाढतं. वजन भसकन उतरलं तरी वाढतं. गोड रसानं वाढतं. उन्हात पाणी कमी पडलं की आणखीनच. दुखणं यावं म्हणून जे जे करता येतं, ते सगळं तुम्ही केलंत. फक्त दारू तेवढी राहिली."

"तीही माझ्या नावावर आहेच," मुळ्ये म्हणाले.

तेव्हा मात्र शैलजाबाई हसल्या, आणि महिन्यानंतर पहिल्यांदा मुळ्येही हसले. घरी वीणाताईंनी मऊ भात आणि पातळ वरण पुढं ठेवलं. बाईंनी दोन्हीला परवानगी दिली होती. मुळ्ये जेवले आणि परत वाढून घेतलं.

या खेपेला सूज उतरल्यावर ते परत गेले. रोजची गोळी सुरू झाली, आधी थोडी, मग वाढवत. सुरुवातीला दोनदा अंगठा कुरकुरला, पण असं होतं आणि म्हणून गोळी सोडायची नाही, हे बाईंनी आधीच बजावलं होतं. मुळ्यांनी सोडली नाही. पाण्याची बाटली ऑफिसच्या टेबलावर कायमची बसली. पावसाळ्यात बढतीचा कागद आला. ती बढती यंत्राला मिळाली की अंगठ्याला, हे त्यांना कळलं नाही आणि विचारायची त्यांची हिंमत झाली नाही. बन्सलांनी मात्र डाव्या बुटाच्या शिस्तीचा मंडळींवर चांगला प्रभाव पडल्याचं खाजगीत सांगितलं.

पुढच्या सगळ्या हिवाळ्यात काही दुखलं नाही. ही बातमी गल्लीत पसरली आणि एका संध्याकाळी पलीकडच्या कोठीत नव्यानं राहायला आलेले अहलुवालिया नावाचे गृहस्थ लंगडत जिना चढून वर आले. त्यांचा अंगठा पाहून मुळ्यांनी त्यांना हात धरून खुर्चीत बसवलं.

"डॉक्टरला दाखवा," मुळ्ये कळकळीनं हिंदीत म्हणाले. "देतील ती गोळी रोज घ्या. पाणी प्या. बस."

"वो तो ठीक है जी. पर असल में आपने क्या किया?"

"यही किया."

अहलुवालियांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग ते उठले आणि दुखावलेल्या चेहऱ्यानं, एकेक पायरी मोजत खाली गेले. दुसऱ्या दिवशी कर्नल ग्रेवाल गुलाबांपाशी उभे राहून म्हणाले, "मूली साब, मोहल्ले में बात हो रही है. नुस्खा छुपाना अच्छी बात नहीं."

"सांगून टाका की काहीतरी," वीणाताई म्हणाल्या. "एवढा दुखरा पाय घेऊन माणूस जिना चढून आला. नुसतं डॉक्टर म्हटल्यावर तो कशाला जाईल? सूज उतरल्यावर तुम्ही तरी परत गेला होतात का?"

रविवारी अहलुवालिया पुन्हा आले. या वेळी पत्नीला घेऊन, पिन्नीच्या लाडवांचा डबा घेऊन. दोघं सोफ्याच्या काठावर बसली आणि मुळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मुळ्यांनी एक लांब श्वास सोडला. दार लोटून घेतलं. खुर्ची जवळ ओढली.

"किसी को बताना नहीं," ते हळू आवाजात म्हणाले. "पहले डॉक्टर शैलजा आपटे से मिलना है. मंगलवार को. मंगलवार ही."

"मंगलवार," मिसेस अहलुवालियांनी मान डोलावली.

"वो एक गोली देंगी. रोज सुबह, पूरब की ओर मुँह करके, पूरे गिलास पानी के साथ. एक भी दिन छूटा, तो असर खत्म. और दिन भर पानी, घूँट घूँट."

अहलुवालियांच्या चेहऱ्यावरची सगळी वेदना उतरली. त्यांनी पुढं वाकून मुळ्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

"पूरब की ओर," ते भारावून म्हणाले. "खड़े होके, या बैठके?"

मुळ्यांनी क्षणभर वीणाताईंकडे पाहिलं. त्या पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात निघाल्या होत्या.

"बैठके," मुळ्ये म्हणाले.